वाळूनं घडवलेला साप

वाळवंटात काम करणारा संशोधक बहुतेक वेळा सापासाठी गेलेलाच नसतो. जैसलमेरच्या पश्चिमेला, डेझर्ट नॅशनल पार्कच्या सुदासरी भागात तो माळढोकांची नोंद घेत असतो. सेवण गवताच्या बुडाशी वाळवंटी उंदरांची बिळं मोजत असतो, नाहीतर सांडा संध्याकाळी आपल्या बिळाचं तोंड कधी बुजवतो ते घड्याळ लावून पाहत असतो. साप मध्येच येतो, न बोलावता. दिसतो तोही अर्धामुर्धा. फोगाच्या झुडपात शिरणारी शेपटी, दगडाआडून डोकावणारी वेटोळ्याची कड, टॉर्चच्या उजेडात क्षणभर चमकून गेलेलं काहीतरी. मग रात्री जेवणं आटोपल्यावर तंबूत वाद रंगतो. एक म्हणतो तांबूस होता, दुसरा म्हणतो करडा. तिसऱ्याला ठिपके दिसलेले असतात आणि चौथा पट्ट्यांवर पैज लावायला तयार असतो.

चौघंही खरं बोलत असतात आणि तरी वाद मिटत नाही, कारण वाळवंटात रंगाच्या साक्षीला फारशी किंमत नाही. इथे उघड्यावर जगायचं तर वाळूत मिसळून जावंच लागतं. त्यामुळे विषारी असो की बिनविषारी, इथले कितीतरी साप एकाच ताग्यातून कापड घेतल्यासारखे पिवळट-बदामी-करडे. त्यात एकाच जातीचा साप टेकडीवर फिकट तर खडकाळ माळावर काळपट. पिल्लाचा रंग वेगळा, म्हाताऱ्याचा वेगळा. कात टाकायच्या आधीचा दुधाळ आणि टाकल्यानंतरचा झळझळीत.

मग ओळखायचं कशावरून? पुस्तकं खवले मोजायला सांगतात, नाकाडाचा आकार बघायला सांगतात, बाहुली उभी की गोल, शेपटी बोथट की निमुळती, चाल कशी, आवाज कसा. ही यादी पहिल्यांदा वाचताना कंटाळा येतो. सरकारी अर्जातले रकाने भरतोय असं वाटतं. पण यातल्या एकेका रकान्याचं कारण शोधत गेलं की थक्क व्हायला होतं. जवळजवळ प्रत्येक खूण हे त्या सापाचं रोजच्या वापरातलं अवजार निघतं. वाळू, ऊन आणि पाण्याची टंचाई यांच्याशी रोज पडणाऱ्या गाठीतून ते घडलेलं असतं. ओळख पटते त्याच क्षणी तो साप जगतो कसा हेही कळलेलं असतं.

सुरुवात फुरशापासून करायला हवी. थरमध्ये त्याला बांडी म्हणतात. खडकाळ माळ असो, खुरटं रान असो की वाळूची टेकडी, तिथल्या संशोधकाला गाठ पडण्याची शक्यता असलेला सर्वांत महत्त्वाचा विषारी साप हाच. पुष्कळदा तो दिसायच्या आधी ऐकू येतो. कोरडा, खरखरीत, न थांबणारा आवाज. नागासारखा किंवा घोणशीसारखा हा फूत्कार नव्हे. यात श्वासाचा संबंधच नाही. फुरशाच्या अंगावरच्या प्रत्येक खवल्याच्या मधोमध एक कंगोरा असतो. पण दोन्ही कुशींवरच्या काही ओळी मुद्दाम बसवल्यासारख्या तिरक्या, खाली झुकलेल्या असतात आणि त्यांच्या कंगोऱ्यांना करवतीचे दाते असतात. धोका वाटला की फुरसं अंगाची एकात एक अर्धवर्तुळं करतं आणि ती उलटसुलट दिशांना सरकवत राहतं. दात्यांवर दाते घासतात. डोकं मात्र मधोमध स्थिर, झडपेच्या तयारीत.

आता हा एवढा खटाटोप कशासाठी? फूत्कारून काम भागलं नसतं का? अभ्यासकांचा कयास असा की फूत्कार म्हणजे फुप्फुसातली हवा जोरानं बाहेर टाकणं, आणि त्या हवेबरोबर ओलावाही जातो. जिथे वर्षाला दोनशे मिलिमीटरसुद्धा पाऊस पडत नाही तिथे धमकी देण्यासाठी पाणी उधळणं परवडायचं नाही. म्हणून कोरडी धमकी. आफ्रिकेच्या वाळवंटातल्या शिंगवाल्या घोणशींनीही हीच युक्ती साधलेली आहे. अंधारात हा आवाज आला की बाकी कोणतीही खूण तपासायची गरज उरत नाही. आहात तिथे थांबा, उजेड पायाशी आणा, आवाज कुठून येतो ते बघा आणि मगच मागे पाऊल टाका.

जवळून पाहायची वेळ आलीच, तर दुरून कॅमेऱ्याच्या भिंगातूनच पाहावं. डोक्यावर मोठे ढालीसारखे खवले नसतात, सगळे बारीक आणि कंगोरेदार. डोळे डोक्याच्या मानानं मोठे, बाहुली उभी. डोक्यावर फिकट खूण असते. आपल्याकडे ती बाणासारखी म्हणून प्रसिद्ध आहे, पण थरमध्ये ती पुष्कळदा पुसट असते, म्हणून बाण दिसला नाही एवढ्यावरून निर्धास्त होऊ नये.

कोकणातल्या वाचकाला या सापाची नव्यानं ओळख करून द्यायला नको. रत्नागिरीच्या सड्यांवर दगड उलटला की फुरसं निघायचं असे दिवस होते. इंग्रजी अमदानीत सरकारनं फुरशांवर बक्षीस लावलं तेव्हा डिसेंबर १८६२ मध्ये अवघ्या आठ दिवसांत त्या एका जिल्ह्यातून लाखाहून अधिक फुरशी मारून आणल्याची नोंद आहे. एक लाख! थरमध्ये पावसाचे जेमतेम काही शिडकावे आणि रत्नागिरीला तीन हजार मिलिमीटरच्या वर, तरी साप तोच. कारण कातळाचा सडा पावसाळा संपला की आठ महिने वाळवंटच असतो. तापलेला, उघडा, सावलीला फक्त दगड. फरक एवढाच की कोकणातलं फुरसं बहुधा फूटभर, सव्वा फुटाचं. थरमधलं त्याच्या दुप्पट वाढू शकतं. शास्त्रज्ञ त्याला सोचुरेकी नावाची वेगळी उपजाती मानतात. या फरकाकडे पुढे परत यायचं आहे.

सगळेच साप काही आवाज देत नाहीत. पण वाळूवरून गेलेला प्रत्येक साप लिहून जातो.

पहाटे, वारा सुटायच्या आधी टेकडीवर गेलं की रात्रीचा सगळा व्यवहार समोर मांडलेला असतो. भुंगेऱ्यांच्या दुहेरी टिंबांच्या ओळी, उंदरांच्या उड्या, कोल्ह्याची सरळ रेषेतली पावलं. त्यात फुरशाची वाट चटकन उठून दिसते, कारण ती वाट वाटतच नाही. एकमेकींना समांतर, तिरक्या, सुट्यासुट्या रेघा, प्रत्येकीच्या टोकाला थोडासा आकडा. एक रेघ संपते, मधे कोरी वाळू, मग पुढची रेघ. जणू साप इथून तिथे उडी मारत गेला. उडी तो मारत नाही. अंगाचा काही भाग वाळूवर टेकवून ठेवतो, उरलेला उचलून पुढे नेऊन ठेवतो, मग मागचा उचलतो. टेकलेला भाग टेकलेला असेपर्यंत घसरत नाही, म्हणून रेघ स्वच्छ उमटते. शिवाय तापलेल्या वाळूला एका वेळी अंगाचा दोन-तीन ठिकाणीच स्पर्श होतो. त्यातली सोय अशी की एका रेघेची लांबी जवळजवळ सापाच्या लांबीइतकी असते. साप कधीच निघून गेलेला असतो, आपण मात्र मोजपट्टी घेऊन त्याचं माप काढू शकतो!

ही चाल दिसते त्याहून गहन आहे. वाळूचा चढ चढताना आपला पाय जसा घसरतो तसं या सापांचं का होत नाही, हा प्रश्न अमेरिकेतल्या काही भौतिकशास्त्रज्ञांना पडला. २०१४ मध्ये त्यांनी तिथल्या आडव्या चालीच्या रॅटलस्नेकला वाळूच्या उतारावर चालवून पाहिलं. चढ जितका तीव्र, तितका जास्त अंगाचा भाग साप वाळूवर टेकवत होता. वाळू ढासळणार नाही इतकाच भार प्रत्येक जागी पडेल याची काळजी तो घेत होता. मग त्यांनी तीच रीत सापासारख्या यंत्रमानवाला शिकवली आणि आधी घसरून पडणारा तो यंत्रमानव चढ चढू लागला. रॅटलस्नेक आणि फुरसं यांची घराणी फार जुन्या काळी वेगळी झालेली. एक अमेरिकेच्या वाळूत, दुसरं आशिया-आफ्रिकेच्या, आणि दोघंही आपापल्या वाटेनं त्याच चालीशी येऊन पोचले.

इतर सापांच्या वाटा वेगळ्या. चपळ साप नागमोडी जातो आणि प्रत्येक वळणावर वाळू रेटून तिचा छोटासा बांध उभा करतो. रेटा मागच्या बाजूला असतो, म्हणून बांध ज्या बाजूला तिकडून साप आला. मांडुळासारखा जाडजूड साप सावकाश, जवळजवळ सरळ रेषेत सरकत जातो आणि एखादी जड वस्तू फरफटत नेल्यासारखा रुंद पट्टा मागे ठेवतो. आणि नवख्याला हमखास फसवणारी एक वाट आहे. बोटभर रुंदीची, लाटांसारखी वळणं घेत गेलेली, वाळू वरून किंचित फुगलेली. छोटा साप म्हणून वहीत नोंद करण्याआधी थांबा. ही वाट सापाची नाहीच. वाळूखालून पोहत जाणारी एक गुळगुळीत सापसुरळी थरमध्ये राहते, पाय इवलेसे, नाक पाचरीसारखं. वाळूतली मासोळी असंच तिला म्हणतात आणि तिला पोहताना पाहिलं की ते नाव पटतं.

हे वाचन थरच्या लोकांना नवीन नाही. चोरीला गेलेला उंट पावलांवरून शोधून काढणारे पागी इथल्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या होते. पाऊल ताजं की कालचं, हे ते त्यावरून नंतर कोण चालून गेलं यावरून ठरवतात. सापाच्या वाटेवर भुंगेऱ्याची टिंबं उमटलेली असली तर साप आधी गेला. वाऱ्यानं रेघेची धार बोथट केली असली तर त्याहूनही आधी. माझ्या मते वाळवंटात जाणाऱ्या प्रत्येक तरुण संशोधकानं पहिला आठवडा पुस्तक मिटून एखाद्या मेंढपाळाबरोबर काढावा.

वाळूच्या वर चालणाऱ्यांची ही कथा. वाळूच्या आत राहणाऱ्यांचं शरीर तर आणखी नवलाचं. मांडुळाचं नाकाड पाचरीसारखं, डोळे अगदी बारीक, अंगाचे खवले गुळगुळीत, म्हणजे वाळूशी घर्षण कमी. खालचा जबडा वरच्या जबड्याच्या आत बसलेला, म्हणजे पुढे घुसताना तोंडात वाळू जात नाही. शेपटी बोथट, डोक्यासारखीच. शत्रू चावला तर तिकडे चावावा. ‘दुतोंड्या’ म्हणून त्याला पकडून लाखो रुपयांना विकण्याचा जो धंदा आपल्याकडे चालतो आणि ज्याच्या बातम्या वर्तमानपत्रात दर काही दिवसांनी येतात, तो सगळा या एका बोथट शेपटीवर उभा आहे. त्याचाच भाऊ दुरक्या घोणस, अंगावर वेडेवाकडे गडद डाग, घोणशीची हुबेहूब आठवण करून देणारा, पण बिनविषारी. आणि थरच्या टेकड्यांत वाळूच्याच रंगाचा एक सडपातळ साप आहे. त्याच्या नाकाच्या टोकाचा खवला इतका मोठा आणि पुढे आलेला की तो सरळसरळ फाळ वाटतो. एवढी एक खूण दिसली तरी त्याची ओळख पक्की.

वाळूतल्या या घराण्यात एक नाव मराठी माणसाला थबकवणारं आहे. ओमानच्या आणि अरबस्तानच्या वाळूत राहणाऱ्या मांडुळाच्या डोळ्यांची जागाच बदललेली आहे. ते डोक्याच्या बाजूंना नसून वर, कपाळावर आहेत. सगळं अंग वाळूत पुरून, फक्त दोन डोळे बाहेर ठेवून तो पालींची वाट बघतो. बहुतेक मांडुळं पिल्लांना जन्म देतात, हा अंडी घालतो. लंडनचे प्राणिशास्त्रज्ञ बूलेंजर यांनी १८८८ मध्ये या सापाचं नाव ठेवलं एरिक्स जयकारी. हे जयकर म्हणजे आत्माराम सदाशिव जयकर, इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी मस्कतमध्ये दीर्घकाळ सर्जन म्हणून काम केलं. दवाखाना सांभाळता सांभाळता ते तिथले मासे, सरडे, साप, सस्तन प्राणी गोळा करून ब्रिटिश म्युझियमला पाठवत राहिले. ओमानच्या डोंगरातल्या रानबकरीला त्यांचं नाव आहे, एका समुद्रघोड्याला आहे, एका सरड्याला आहे. ओमानी अरबी बोलीवर त्यांनी १८८९ मध्ये निबंध प्रसिद्ध केला, आणि प्राण्यांविषयीच्या एका मध्ययुगीन अरबी कोशाचं इंग्रजी भाषांतरही केलं. आपल्याकडे हे नाव किती जणांना ठाऊक असेल? चौकाला नाव देताना इतकी शोधाशोध करणाऱ्या महाराष्ट्रानं या माणसाला जवळजवळ विसरून जावं याचं मला राहून राहून आश्चर्य वाटतं.

दिवसाउजेडी दिसणारे साप थरमध्ये कमी. उन्हाळ्यात भर दुपारी वाळूचं तापमान साठ अंशांच्या पार जातं. १९ मे २०१६ रोजी फलोदीला सावलीतल्या हवेचंच तापमान ५१ अंश नोंदलं गेलं. असल्या जमिनीवर साप काही मिनिटांत मरेल. तेव्हा दिवसा काहीतरी पळताना दिसलंच तर ते सकाळ-संध्याकाळ फिरणाऱ्या मोजक्या सापांपैकी एक असणार, आणि त्यातला हमखास दिसणारा म्हणजे वाळूसाप. अंगावर लांबलचक रेघा, चाबकाच्या वादीसारखा बारीक, आणि वेग असा की नजर पोचेपर्यंत तो केर नावाच्या झुडपात वर चढलेला असतो. त्याचा पसारा थरपासून थेट उत्तर आफ्रिकेच्या पश्चिम टोकापर्यंत. या सापाची एक सवय कळली तेव्हा मी ते पान दोनदा वाचलं होतं. नाकपुड्यांजवळच्या ग्रंथींमधून तो एक स्राव काढतो आणि डोकं डावीकडे-उजवीकडे घासत सगळ्या अंगाला चोपडतो. त्वचेतून उडून जाणारं पाणी त्यामुळे रोखलं जात असावं, असं एक मत आहे.

याला शास्त्रीय नाव देणारा पीटर फॉर्स्कोल हा स्वतः वाळवंटातल्या फील्डवर्कचा बळी. लिनियसचा हा शिष्य डेन्मार्कच्या राजानं १७६१ मध्ये अरबस्तानात पाठवलेल्या मोहिमेतला निसर्गतज्ज्ञ होता. १७६३ मध्ये येमेनमध्ये हिवतापानं तो गेला. वय अवघं एकतीस. मोहिमेतला कार्स्टन नीबूर तेवढा जिवंत परतला आणि मित्राची टिपणं त्यानं १७७५ मध्ये छापून काढली. हाच नीबूर त्या प्रवासात मुंबईला येऊन राहिला होता आणि घारापुरीच्या लेण्यांची त्यानं काढलेली चित्रं युरोपभर गाजली. थरच्या टेकडीवर समोरून सुळकन गेलेल्या एका सापाच्या नावामागे एवढं सगळं असतं.

फॉर्स्कोलच्या गुरूनं सापांच्या वर्गीकरणाची जी रीत पाडली ती आजही चालू आहे: रंग सोडा, खवले मोजा. १७५८ च्या ग्रंथात लिनियसनं सापांच्या नावापुढे पोटावरच्या आणि शेपटीखालच्या खवल्यांचे आकडे लिहिले. तेव्हा ती केवळ सोय होती. पुढे लक्षात आलं की पोटावरचा एकेक आडवा खवला म्हणजे आत कण्याचा एकेक मणका, हा हिशेब जवळजवळ तंतोतंत जुळतो. पोटावरून बोट फिरवत मोजणारा माणूस न कापता, न चिरता सापाचा सांगाडा मोजत असतो.

अर्थात जिवंत सापाच्या पोटावरून बोट फिरवायला कुणी सांगत नाही. त्यासाठी कात आहे. काटेरी झुडपाच्या बुडाशी किंवा बिळाच्या तोंडाशी ती सापडते, बहुधा उलटी, मोजा काढल्यासारखी. तिच्यावर रंग जवळजवळ नसतोच, फक्त खुणा उरतात. कंगोरे, ढाली, डोळ्यावरचं पारदर्शक झाकण, सगळं जागच्या जागी. लांबीवर मात्र विश्वास ठेवू नये, कारण निघताना ती ताणली जाते. डोळ्याच्या खाली बारीक खवल्यांची माळ आणि कपाळावर मोठ्या ढालींऐवजी तुकडेतुकडे असले तर ती रजतबंसीच्या गोतातल्या एखाद्या बिनविषारी सापाची. या गोतातला काळ्या डोक्याचा साप लहानपणी आणि मोठेपणी इतका वेगळा दिसतो की रंगावर जाणाऱ्यानं एकाचे दोन साप करावेत. कपाळावरचे ते तुकडे मात्र जन्मभर तेच.

आणि खवल्यांची ही मोजणी जिथे जिवावरची ठरते ती जागा म्हणजे मण्यार.

थरमध्ये पीवणा नावाच्या सापाची दहशत आहे. तो रात्री येतो, झोपलेल्या माणसाच्या छातीवर बसतो आणि त्याचा श्वास पिऊन टाकतो. चावत नाही, खूण सोडत नाही, सकाळी माणूस मेलेला असतो. शहरी पाहुणे हे ऐकून हसतात. मला ही कथा अंधश्रद्धेपेक्षा उत्तम निरीक्षणाची वाटते, कारण तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक तपशिलामागे काहीतरी खरं आहे. मण्यार रात्रीच हिंडते. जमिनीवर झोपलेल्या माणसाजवळ येते. तिचे दात इतके बारीक की दंशाची खूण पुष्कळदा सापडत नाही, वेदना आणि सूजही जवळजवळ नसते. विष चेतातंतू आणि स्नायू यांच्यातला संदेश तोडतं. आधी पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वासाचे स्नायू थांबतात. श्वास खरोखरच गेलेला असतो. फक्त तो ओठांतून गेला नाही.

काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला साप समोर आला की पहिला प्रश्न: मण्यार की बिनविषारी कवड्या? पाठीच्या मधोमध बघायचं. मण्यारीच्या कण्यावरची ओळ शेजारच्या खवल्यांहून मोठ्या, षट्कोनी खवल्यांची असते. कवड्याच्या पाठीवर सगळे सारखे. दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म: नेहमीची मण्यार की सिंध मण्यार? अंगाच्या मध्यावर तिरक्या ओळीत खवले मोजले तर नेहमीच्या मण्यारीला पंधरा रांगा येतात, सिंध मण्यारीला सतरा किंवा जास्त. फरक दोन खवल्यांचा. आता हे वाचा: २०१९ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी वेगवेगळ्या भारतीय सापांची विषं तपासली, तेव्हा सिंध मण्यारीचं विष नागाच्या विषापेक्षा चाळीस पटींहून अधिक जहाल निघालं. आपल्याकडे मिळणारं प्रतिविष तिला पुरं पडत नाही हेही दिसलं.

नागाचं थरमध्ये वेगळंच. गावागावांत खेजडीखाली, म्हणजे आपल्या शमीखाली, गोगाजी या लोकदेवाचं ठाणं असतं आणि दगडावर नाग कोरलेला असतो, फणा काढलेला. प्रत्यक्षातला नाग मात्र बहुतेक वेळ फणा न काढताच फिरतो, आणि या पट्ट्यातले मोठे नाग अनेकदा काळेकुट्ट असतात, फण्यावर दहाचा आकडा नसतोच. आकडा शोधत बसणारा इथे फसतो. तसंच ‘त्रिकोणी डोकं म्हणजे विषारी’ आणि ‘उभी बाहुली म्हणजे विषारी’ हे शाळेत ऐकलेले नियम इथल्या वाळूत पुरून टाकावेत. मांडुळाची बाहुली उभी असते. नाग आणि मण्यार यांची गोल.

साप दिसलाच नाही आणि दंश झाला तर? सापामागे धावण्यात वेळ घालवू नये; मारलेला साप पिशवीत घालून आणायची तर काहीच गरज नाही. डॉक्टरांकडे ओळखीची दुसरी रीत आहे. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत रुग्णाचं दोन मिलिलिटर रक्त घ्यायचं, वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी तिरकी करायची. रक्त गोठलं नसेल तर विष फुरशाच्या जातकुळीचं. रक्त गोठतंय पण पापण्या मिटत चालल्यात, तर मण्यार किंवा नाग. नळी काचेचीच लागते, कारण काचेचा स्पर्श रक्ताला गोठायला लावतो. प्लास्टिकनं हिशेब चुकतो. वीज नसलेल्या गावातही होईल अशी ही चाचणी.

फुरशाच्या विषात जे गुंतागुंतीचं रसायन आहे, त्याचा दुसरा पैलूही सांगायलाच हवा. त्यातलं इकॅरिन नावाचं प्रथिन रक्त गोठण्याच्या साखळीतली एक कडी थेट सुरू करतं, इतकी की गोठण्याचं सगळं भांडवल संपून जातं. प्रयोगशाळांत ते चाचणीसाठी वापरतात. त्याच विषातलं दुसरं प्रथिन, एकिस्टॅटिन, रक्तातल्या बिंबिकांना एकमेकींना चिकटू देत नाही. त्याचा आकार समोर ठेवून रसायनशास्त्रज्ञांनी टिरोफिबान हे औषध घडवलं. अमेरिकेत ते १९९८ मध्ये मान्य झालं आणि हृदयविकाराच्या झटक्यात आजही दिलं जातं.

आता मघाच्या फरकाकडे. देशात प्रतिविष बनवण्यासाठी लागणारं विष मुख्यतः तमिळनाडूतून येतं, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळा जमातीच्या साप पकडणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडून. म्हणजे ज्या फुरशाच्या विषावर घोड्यांची प्रतिकारशक्ती घडवली जाते ते दक्षिणेतलं, बुटकं फुरसं. पश्चिम राजस्थानातल्या डॉक्टरांचा अनुभव असा की बांडीच्या दंशावर हे प्रतिविष अपेक्षेइतकं काम करत नाही. कुपीवर लिहिलेलं सापाचं नाव बरोबर आहे; गाव वेगळं आहे. म्हणून प्रदेशानुसार प्रतिविष हवं अशी मागणी आता संशोधक करत आहेत, आणि त्यासाठी कुठल्या तालुक्यात कोणता साप सापडतो याच्या खात्रीशीर नोंदी लागणार आहेत. त्या नोंदी माळढोक मोजायला गेलेल्यांकडून, उंदरांची बिळं तपासणाऱ्यांकडून येऊ शकतात. दुरून काढलेला पाठीचा एक स्पष्ट फोटो, काडेपेटीत जपलेला कातेचा तुकडा, आणि वहीत तारीख, वेळ, अक्षांश-रेखांश. रंगाचा रकाना शेवटी भरला तरी चालेल.